उंबरठ्यानंतरची वर्षे

मराठी कथेला आणि नाटकाला उंबरठा फार प्रिय आहे. नायिका आत येते तेव्हा तेथे माप ठेवलेले असते आणि ती बाहेर पडते तेव्हा तेथेच पडदा पडतो. या दोन प्रसंगांवर आमच्या लेखकांनी जेवढी शाई वेचली, तिचा दहावा हिस्साही त्यानंतरच्या दिवसांवर वेचली गेलेली नाही, असे आम्हांस पुष्कळ काळ वाटत आले आहे. बाहेर पडलेली, किंवा बाहेर काढलेली, ती स्त्री त्या रात्री कोठे झोपली? मुलाच्या शाळेची फी कोणी भरली? शिधापत्रिकेवर तिचे नाव कोणाच्या घरात राहिले? घटस्फोटाचा दावा सहा-सात वर्षे चालतो. तेवढ्या काळात पहिलीतले मूल आठवीत जाते, त्याच्या चपलेचा आकार चारदा बदलतो. या काळाचे आमच्या वाङ्मयात काय झाले, हे पाहावे म्हणून हा लेख.

विषय सातारा आणि सांगली या भूमीच्या आधाराने घेण्याचे कारण आहे. हे दोन जिल्हे पूर्वी एकच होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. मराठी रंगभूमीचा जन्म याच परिसरात झाला, स्त्रियांच्या एका मोठ्या मासिकाचाही येथेच, आणि नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांच्या संघटित मागणीला बळ मिळाले तेही येथेच. वाङ्मय आणि गाऱ्हाणे एकाच मातीत उगवले. पण त्यांची भेट फारशी झाली नाही.

आधी शब्दांकडे पाहू. मराठीत स्त्रीला दोन घरे आहेत, माहेर आणि सासर. पहिले बापाचे किंवा भावाचे, दुसरे सासऱ्याचे. जे तिचे स्वतःचे आहे अशा घराला स्वतंत्र शब्द नाही. 'नांदणे' हा मूळचा सुखाने राहण्याचा सुंदर शब्द. पण व्यवहारात ती नांदते आणि तो नांदवतो, म्हणजे क्रियापदाच्या रूपातच मालकी ठरून गेलेली असते. 'पोटगी'त पोट आहे. छप्पर, औषध, वह्या-पुस्तके यांपैकी काहीही त्या शब्दात मावत नाही. आणि आमचे अनुभवी वकीलमित्र सांगतात की पोटगीचा आकडा मागताना अशील स्त्रियासुद्धा आधी धान्याचाच हिशेब करतात. 'काडीमोड' म्हणजे काडी कडकन मोडणे. 'सोडचिठ्ठी' म्हणजे चिठ्ठी हातात पडणे. 'घटस्फोट' हा शब्द तर जातीबाहेर टाकलेल्याच्या नावाने घट फोडण्याच्या जुन्या विधीवरून आला. तिन्ही शब्द क्षणाचे आहेत. जे वर्षानुवर्षे चालते त्याला आमच्या भाषेत नाव नाही. कोर्टाच्या आवारात मात्र त्यालाच 'तारीख' म्हणतात. 'टाकलेली' या धातुसाधितात टाकणारा कोठे दिसतच नाही. 'परित्यक्ता' म्हटल्याने त्याला संस्कृताचे वस्त्र मिळाले, कर्ता मात्र मिळाला नाही. अलीकडे 'एकल महिला' असे म्हणतात. तो शब्द अधिक स्वाभिमानी आहे खरा, पण मूल कडेवर असलेल्या बाईला 'एकल' म्हणताना आमची लेखणी किंचित अडखळते.

सांगलीस ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाची गणना तेथून होऊ लागली. स्वयंवराने आरंभ झाला हे शुभच. तथापि जिचे स्वयंवर त्या रात्री झाले, तिच्याच आयुष्यात पुढे गरोदरपणी घर सुटले, आणि दोन मुलगे आश्रमाच्या आसऱ्याने वाढवावे लागले. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ साली 'शारदा' दिले. त्या नाटकाने जरठकुमारी विवाहावर केलेला आघात कोणी नाकारणार नाही. पण तेही विवाह घडण्या-मोडण्याचे नाटक आहे. शारदेला कोदंड मिळतो आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातो. देवलांचेच 'संशयकल्लोळ' घ्या. फाल्गुनरावाचा बायकोवरचा संशय पाहून आजही नाट्यगृह हसते. आम्हीही हसलो आहोत. पण पोटगीच्या दाव्यात नवऱ्याची कैफियत येते तेव्हा बहुधा हाच संशय कागदावर उतरतो. कारण पत्नी व्यभिचारात राहते असे सिद्ध झाले, किंवा पुरेशा कारणाशिवाय ती नवऱ्याजवळ राहत नाही असे ठरले, तर फौजदारी संहितेच्या १२५ कलमाखाली तिला पोटगी मिळत नसे. २०२४च्या जुलैपासून जी नवी संहिता लागू झाली, तिच्या १४४ कलमातही तेच आहे. रंगभूमीवर जो संशय तीन तासांत फिटतो, तो न्यायालयात शाबीत होवो न होवो, साक्षीपुराव्याची दोन-तीन वर्षे सहज खातो. देवलांना याचा दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी प्रहसन लिहिले. पुढच्या शंभर वर्षांत त्याची दुसरी बाजू कोणी लिहिली नाही, ही आमची तक्रार.

१९३० साली किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक निघू लागले. विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' १९३३चे. त्या दशकात स्त्रीच्या मनाला वाचा फुटली. इब्सेनची नोरा मराठीत आली ती अनंत काणेकरांच्या 'घरकुल'मधून, आणि तिची सावली रांगणेकरांच्या 'कुलवधू'वर पडली. दार लोटून बाहेर पडणारी ही नायिका मध्यमवर्गाला एकाच वेळी हादरवून आणि सुखावून गेली. हादरवले ते तिच्या धैर्याने. सुखावले कशाने, हा प्रश्न कोणी विचारलेला आमच्या वाचनात नाही. आमचे मत असे की, जी स्वाभिमानाने निघून जाते ती काही मागत नाही, यानेच तो सुखावला असावा. घर तिने सोडले, तेव्हा घराचा प्रश्न मिटला. मुलेही मागे राहिली, तेव्हा त्यांच्या खर्चाचाही. स्वाभिमान आणि मागणी यांचे हाडवैर आहे अशी जी समजूत या नाटकांनी नकळत रुजवली, ती आजही पोटगीचा अर्ज करणाऱ्या बाईच्या आड येते. 'त्याचा पैसा मला नको' हे वाक्य आम्ही कितीतरी तोंडांतून ऐकले आहे. ते बोलणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांतील तेज खरे असते. फक्त तो पैसा तिचा एकटीचा नसून मुलाचा आहे, हे तिला त्या क्षणी कोणी सांगत नाही.

शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरून १९८२ साली जब्बार पटेल यांनी 'उंबरठा' काढला. पटकथा विजय तेंडुलकरांची. कादंबरीचे नाव चित्रपटाने बदलले ही गोष्ट आम्हांस बोलकी वाटते. 'बेघर' हे नाव स्थितीचे आहे, 'उंबरठा' हे क्षणाचे. स्मिता पाटील यांनी उभी केलेली सुलभा सुखवस्तू घरातली. ती कामासाठी घर सोडते, लहान मुलीला जावेजवळ ठेवते, महिलाश्रमाची अधीक्षक होते, परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. आणि ती पुन्हा निघते. चित्रपट श्रेष्ठ आहे यात शंका नाही. पण त्यात जिला घर मागण्याची वेळ येऊ शकते ती शिकलेली असल्याने मागत नाही, आणि ज्यांना मागायचे आहे त्या आश्रमातल्या बायकांना कोणाकडे मागायचे हेच ठाऊक नाही. सुलभेने एखाद्या वकिलाकडे जाऊन 'त्या घरात माझा काय हक्क आहे, आणि माझ्या मुलीचा ताबा?' असे विचारले असते, तर चित्रपटाची लय बिघडली असती, हे आम्ही समजू शकतो. लय बिघडू नये यासाठी वाङ्मयाने किती गोष्टी सोडून द्यायच्या, एवढाच प्रश्न आहे.

या सर्व परंपरेत एक ग्रंथ मात्र वेगळा पडतो, आणि तो ग्रंथ आमच्या वाचकांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरची चार-पाच वर्षे लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन त्यांच्यापासून दूर, नातलगांच्या आधाराने राहिल्या. हा घटस्फोट नव्हता. तरी वियोगाच्या दीर्घ काळाचे इतके सविस्तर, इतके हिशेबी आणि इतके हसरे चित्रण मराठीत दुसरे नाही. समीक्षकांनी या ग्रंथाच्या विनोदाची आणि साध्या भाषेची स्तुती केली, धर्मांतराची चर्चा केली. बाईच्या राहण्याच्या जागेकडे मात्र लक्ष दिले गेले नाही.

वाचताना आम्ही या वेळी फक्त जागा मोजत गेलो. कोणाच्या घरात ती राहते, चूल कोणाची, पाणी कोणाचे, मुलगा आजारी पडला तर निर्णय कोणाचा. बहीण-मेहुण्यांचे प्रेम खरे आहे, पंढरपूरचे घर मोठे आहे. तरी ते घर तिचे नाही ही जाणीव पानापानांत आहे. तक्रार मात्र कोठेही नाही. लेखिका स्वतःकडेच हसून पाहते आणि त्या हसण्यात वाचकाला कळून चुकते की आश्रित म्हणून राहणे म्हणजे काय. मुलगा कोणाजवळ राहावा, यावरून भोवतालच्या वडीलधाऱ्यांची मते पडतात. मुलाला मत नसते. तो खेळत असतो. त्याचे ते खेळणे लक्ष्मीबाईंनी इतक्या बारकाईने टिपले आहे की, ताब्याच्या दाव्यांत जे कधी नोंदवले जात नाही ते येथे नोंदवले गेले आहे.

पुढे त्या नगरकडे टिळकांकडे जातात तेव्हा लगेच धर्म बदलत नाहीत. आपले सोवळे, आपला वेगळा स्वयंपाक घेऊन जातात. आमच्या मते हे या ग्रंथातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण होय. पतीच्या घरात राहण्याचा हक्क आणि पतीच्या मताला शरण जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एका अल्पशिक्षित स्त्रीने १८९९च्या सुमारास आचरून दाखवले. राहुरीस तिचे मन बदलले ते तिच्या वेळेने, कोणाच्या तगाद्याने नव्हे. आणि १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी १८६६चा एक कायदा अस्तित्वात होता. त्यानुसार ख्रिस्ती झालेल्या पतीला, धर्मांतरामुळे पत्नी नांदायला येत नसेल, तर न्यायालयात जाऊन अखेरीस विवाह रद्द करून घेता येत असे. टिळकांनी तो मार्ग घेतला नाही. म्हणजे लक्ष्मीबाईंची कथा अपवादाची आहे: नवऱ्याला ती परत हवी होती. ज्याला परत नको आहे अशा नवऱ्याची बायको काय करते, हे 'स्मृतिचित्रे' सांगू शकत नाहीत. टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास आले आणि तेथे 'देवाचा दरबार' उभारण्याच्या खटपटीत त्यांची अखेरची दोन वर्षे गेली. सातारकरांना टिळक आठवतात ते त्यासाठी. साताऱ्याच्या न्यायालयात तारखेला आलेल्या एखाद्या बाईला लक्ष्मीबाई आठवाव्यात अशी मात्र कोणी सोय केलेली नाही.

ज्यांना परत नको होते त्यांच्या बायकांनी स्वतःच बोलायचे ठरवले, ते १९८०च्या दशकात. संगमनेरास १९८८ साली टाकलेल्या स्त्रियांची परिषद भरली. त्या चळवळीचा वृत्तान्त निशा शिवूरकर यांच्या 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' या पुस्तकात आहे. सांगली जिल्ह्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ यांनी हा प्रश्न हाती घेतला. इंदुताई बेचाळीसच्या पिढीच्या. प्रतिसरकारात त्यांनी काम केलेले. १९५२ साली पती बाबूजींची हत्या झाल्यावर शिक्षिकेची नोकरी करून त्यांनी मुलाला वाढवले. २०१७ साली त्या निवर्तल्या. एकट्या बाईला घर चालवण्यासाठी काय लागते हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवण्याची आवश्यकता नव्हती.

त्या चळवळीच्या मागण्या आम्ही वाङ्मय म्हणून वाचतो, आणि वाचकांनीही तसे वाचून पाहावे. स्वतंत्र शिधापत्रिका. घरासाठी गावात जागा. दाखल्यावर नवऱ्याच्या नावाची सक्ती नको. यात कोठेही 'मुक्ती'चे वर्णन नाही, आभाळ नाही, पंख नाहीत. एक कागद आणि चार भिंती. शिधापत्रिका सासरच्या कुटुंबात अडकलेली असली की बाईच्या वाट्याचे धान्य सासरी उचलले जाते आणि ती माहेरी भावजयीच्या डब्यातले खाते. हे सरळ अर्थशास्त्र आहे, आणि भावजयीच्या चेहऱ्यावरून ते रोज वाचता येते. एका चांगल्या कथेचा ऐवज त्या एका शिधापत्रिकेत होता. काणेकरांच्या नायिकेने जे 'घरकुल' सोडले, तोच शब्द पुढे सरकारी योजनेला मिळाला, आणि आज ग्रामसभेत उभी राहणारी बाई तोच शब्द उच्चारून घर मागते. एकाच शब्दाचा हा प्रवास आमच्या नाट्यसमीक्षकांच्या ध्यानात यायला हवा होता.

घर नवऱ्याच्या नावावर असते तर निदान भांडण सरळ होते. पण आमच्या खेड्यांत ते सासऱ्याच्या नावावर असते. २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी लागू झाला, आणि पत्नीला एकत्र राहिलेल्या घरात राहण्याचा हक्क प्रथमच शब्दांत मिळाला. परंतु त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बत्रा खटल्यात असा अर्थ लावला की, ते घर पतीच्या मालकीचे, त्याने भाड्याने घेतलेले किंवा एकत्र कुटुंबाचे असले पाहिजे. सासू-सासऱ्यांच्या स्वतःच्या मालकीच्या घरात तिला तो हक्क नाही. दोन महिन्यांत हातात आलेले दार पुन्हा लोटले गेले. ते उघडायला १५ ऑक्टोबर २०२० उजाडावे लागले. त्या दिवशी आहुजा खटल्यात न्यायालयाने पूर्वीचा अर्थ चुकीचा ठरवला. घर नातेवाइकाच्या मालकीचे असले, तरी संसार तेथे स्थिरपणे झाला असेल तर ते 'सामायिक घर' ठरू शकते. मधली चौदा वर्षे सातारा-सांगलीच्या किती स्त्रियांनी 'घर सासऱ्यांचे आहे' या एका ओळीवर अर्ज हरले असतील, याची गणती करण्याचे साधन आमच्यापाशी नाही.

निकालपत्रे हीसुद्धा वाङ्मय आहेत, आणि कधी कधी कादंबरीहून अधिक धीराची. 'राजनेश विरुद्ध नेहा' हे ४ नोव्हेंबर २०२०चे निकालपत्र आमच्या लेखकांनी एकदा तरी वाचावे. प्रकरण महाराष्ट्रातले, नागपूरचे. मुलगा जन्मला आणि लगेच, जानेवारी २०१३ मध्ये, पत्नीने घर सोडले. सप्टेंबरात पोटगीचा अर्ज. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाचा अंतरिम आदेश ऑगस्ट २०१५ मध्ये: पत्नीला दरमहा १५,००० रुपये, मुलाला आरंभी ५,००० व पुढे १०,०००. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑगस्ट २०१८ मध्ये तो कायम केला. सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला तेव्हा मूल आठव्या वर्षात होते. आणि लक्षात घ्या, हा सर्व काळ केवळ अंतरिम रकमेसाठीचा. अंतरिम! कायद्यात असे अर्ज साठ दिवसांत निकालात काढण्याची अपेक्षा आहे, आणि ते वर्षानुवर्षे पडून राहतात, हे न्यायालयानेच त्यात नमूद केले. म्हणून दोघांनीही उत्पन्न व मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर उघड करावी आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे त्यात ठरले. ही तारखांची नुसती यादी वाचतानाही आमचा घसा दाटून येतो. एकही विशेषण नाही.

याहून लहान वाङ्मयप्रकार म्हणजे न्यायालयाचा रोजनामा. अर्जदार हजर, सामनेवाला गैरहजर, म्हणणे दाखल नाही, पुढील तारीख अमुक. अशा तीसचाळीस ओळी एकाखाली एक ठेवल्या की एका संसाराचा अंत डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यातच एक बारीक कलम दडलेले असते. थकलेल्या पोटगीसाठी वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. जी बाई 'देईल आज ना उद्या' म्हणून वाट पाहत बसली, तिची जुनी थकबाकी त्या मार्गाने वसूल होत नाही. आमच्या कथांमध्ये वाट पाहणाऱ्या स्त्रीचा गौरव होतो. कायद्यात तिचे नुकसान होते.

आमच्या समाजाचे यात काय, असे कोणी विचारील. पुष्कळ आहे. १८६९चा घटस्फोट कायदा ख्रिस्ती लोकांसाठीच होता. त्यात पतीला पत्नीचा व्यभिचार तेवढा सिद्ध केला की पुरे. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली प्रगती वर्गीस खटल्यात हा भेद घटनाबाह्य ठरवला, आणि २००१ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. तोवर दावा चालू असतानाच्या पोटगीवर एक मर्यादाही होती: पतीच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाच्या एक-पंचमांशाहून अधिक नाही. शतकाहून अधिक काळ ही मर्यादा आमच्या घरांवर होती, आणि आमच्या एकाही कथेत तो एक-पंचमांश आलेला आम्हांस आढळला नाही. धर्मपीठाकडून विवाह शून्य ठरला म्हणजे सर्व झाले, असा समज अजूनही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले की त्या निर्णयाला नागरी कायद्यात परिणाम नाही. आणि पती-पत्नी विभक्त झाल्यावर मुलांच्या पालनपोषणाची व शिक्षणाची योग्य तरतूद झालीच पाहिजे, हे खुद्द धर्मसंहितेच्या ११५४व्या कलमात आहे. ते कलम विवाहपूर्व शिबिरांत वाचून दाखवले जाते का, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

पवित्र शास्त्रात पोटगीची एक फार जुनी गोष्ट आहे. उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायात अब्राहाम हागारेला मुलासह घालवून देतो तेव्हा तिच्या खांद्यावर भाकर आणि पाण्याची मसक देतो. श्रीमंत गृहस्थाची ती तरतूद वाळवंटात संपते. आई मुलाला झुडपाखाली ठेवून बाणाच्या टप्प्यावर जाऊन बसते, कारण त्याचे मरण तिला पाहवणार नाही. रडते ती, पण शास्त्रकर्ता सांगतो की देवाने मुलाचा आवाज ऐकला. आईच्या वागण्याचा, तिच्या चुकीचा, सारेशी झालेल्या तिच्या भांडणाचा विचार तेथे थांबतो आणि मुलाचे मागणे स्वतंत्र उभे राहते. आमच्या न्यायालयांतही मुलाचा पोटगीचा हक्क आईच्या हक्काहून निराळा आहे. तिच्यावर काहीही शाबीत झाले तरी तो बुडत नाही. या अध्यायावर आम्ही अनेक प्रवचने ऐकली. त्यातील मसक किती शेर पाण्याची होती, असे मात्र कोणी विचारले नाही.

नियतकालिकांकडे, आणि त्यांत आमच्याकडेही, नाताळ अंकासाठी कथा येतात. त्यांपैकी पुष्कळ तुटलेल्या संसारांच्या असतात, आणि बहुतेक सर्व एकाच प्रकारे संपतात. घंटा वाजते, मेणबत्ती पेटते, दाराशी पती उभा असतो, पत्नी क्षमा करते. क्षमेविरुद्ध आम्ही काही लिहावे असे आमचे वय नाही आणि श्रद्धाही तशी नाही. पण या कथांत तो पती मधल्या सहा वर्षांचा मुलाचा खर्च घेऊन आला आहे का, हे कधीच कळत नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात परत येणाऱ्याला बाप भेटतो, आणि बापाला घर व वासरू असते. येथे परत येणारा जिच्याकडे येतो ती स्वतःच भाड्याच्या खोलीत आहे. दाखला तसाच्या तसा उचलून येथे बसवता येत नाही, हे आमच्या नवोदितांनी ध्यानात घ्यावे.

१८ ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज कोल्हापुरातही चालू झाले, आणि सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे त्याखाली आले. जतच्या किंवा पाटणच्या बाईला वरच्या न्यायालयासाठी आता मुंबई गाठावी लागणार नाही. एसटीने निघून बहुधा संध्याकाळपर्यंत परतता येईल. पहाटेचा डबा, मुलाला शेजारी सोडणे, कागदांची कापडी पिशवी, आणि परतताना पुढची तारीख. एवढ्या एका दिवसाची कथा कोणी लिहून पाठवली, तर पृष्ठमर्यादेची अट आम्ही तिच्यापुरती सैल करू.